भत्ता, भाडे आणि शाळा

(भाचा छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात अभियंता आहे, दुबईतील एका कंपनीचे नियुक्तिपत्र नुकतेच त्याच्या हाती आले आहे. थोरली मुलगी सहावीत, धाकटा पहिलीत जाणार. आत्या पुष्कळ वर्षे दुबईतील एका भारतीय शाळेच्या हिशेबखात्यात होती आणि निवृत्तीनंतर नाशिकला राहते.)

भाचा : आत्या, नियुक्तिपत्रात प्रत्येक मुलामागे सालीना तीस हजार दिरहम शिक्षणभत्ता, तोही दोन मुलांपर्यंत, असे स्वच्छ लिहिलेले आहे, तेव्हा शाळेच्या खर्चाचा प्रश्न सुटल्यातच जमा, असे आम्ही उभयतांनी धरले आहे. शाळा कोणती उत्तम, एवढेच तुझ्याकडून समजून घ्यावे म्हणून आलो.

आत्या : उत्तम शाळेची चौकशी घटकाभर बाजूला ठेव. तू अमेरिकेला किंवा जर्मनीला निघाला असतास, तर राहत्या वस्तीतल्या सरकारी शाळेत मुलांना विनाशुल्क घालता आले असते आणि खाजगी शाळा ही केवळ तुझी हौस ठरली असती. दुबईत सरकारी शाळा मुख्यतः अमिराती नागरिकांसाठी आणि अरबी माध्यमाच्या. त्यामुळे तुझ्यासारख्याला खाजगी शाळा घरभाड्याइतकीच अपरिहार्य आहे, आणि जी बाब अपरिहार्य तिचा भार भत्त्यावर टाकून मोकळे होण्याची सोय नसते.

भाचा : का बरे? भत्ता तर करारातच आहे.

आत्या : करार तुझ्या नोकरीचा आहे, मुलांच्या शिक्षणाचा नव्हे. नोकरी सुटली की भत्ता त्या दिवशी थांबतो. मुलीची सातवी मात्र त्या दिवशी थांबत नाही. शिवाय तो भत्ता दरमहा पगारातून मिळणार, की आधी तू पदरचे भरायचे आणि मग पावत्या दप्तरी दाखल करून महिना-दोन महिने परताव्याची वाट पाहायची? बसभाडे आणि पुस्तके त्यात धरली आहेत, की निव्वळ शिक्षणशुल्क? दरसाल शुल्क वाढले तर भत्ताही वाढणार, की तीस हजारांवरच गोठून राहणार? आणि आणखी एक खोच अशी, की तिथल्या कायद्याने नोकरी सोडताना मिळणारे उपदान मूळ वेतनावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दरसाल एकवीस दिवसांचे आणि त्यापुढे तीस दिवसांचे. तेव्हा मूळ वेतन आखूड ठेवून भत्त्यांचे आकडे फुगवलेले पत्र वाचायला कितीही गोड लागले, तरी निघतेवेळी त्यातली तूट तुझ्याच नावे पडते.

भाचा : हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. पण शाळांच्या शुल्कावर तिकडे सरकारचे काही नियंत्रण आहे म्हणतात ना?

आत्या : आहे, आणि ते बऱ्यापैकी कडक आहे. ज्ञान व मानव विकास प्राधिकरण नावाचे खाते आहे, सगळे त्याला के.एच.डी.ए. म्हणतात, ते शाळांची तपासणी करून 'सर्वोत्कृष्ट' पासून 'अति दुर्बल' पर्यंत प्रतवारी लावते, आणि शुल्कवाढीची मर्यादाही खर्चाच्या निर्देशांकावरून तेच ठरवते. २०२४-२५ साली ती मर्यादा २.६ टक्के होती, २०२५-२६ साली २.३५. आकडे लहान दिसतात म्हणून हुरळू नकोस. इयत्ता चढते तसे शुल्कही चढते, आणि ती चढण या टक्केवारीत धरलेली नसते. शाळेचे मंजूर शुल्कपत्रक इयत्तावार असते. नवे पालक त्यात चालू वर्षाचा रकाना तेवढा वाचतात. मी त्या खिडकीमागे बसून हे इतक्या वेळा पाहिले आहे, की मला विचारशील तर पत्रक शेवटच्या ओळीपासून, म्हणजे बारावीपासून, वर वाचीत यावे.

भाचा : साधारण आकडे तरी कुठून कुठवर असतात?

आत्या : भारतीय अभ्यासक्रमाच्या साध्या शाळांत वर्षाला पाच-सहा हजार दिरहमांपासून आरंभ होतो, ब्रिटिश किंवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या नामांकित शाळांत वरच्या इयत्तांचा आकडा लाखाच्या घरात जातो. तुम्ही उभयतांनी मनात कोणती शाळा योजली आहे?

भाचा : ब्रिटिश. मोठीचे बावन्न हजार, धाकट्याचे चाळीस.

आत्या : आणि पगार?

भाचा : भत्ता वगळून महिना बावीस हजार.

आत्या : म्हणजे सालाचे दोन लाख चौसष्ट हजार. घरभाडे शहाण्णव हजार धरू. राहिले एक लाख अडुसष्ट हजार. शाळांचे ब्याण्णव हजार, दोघांच्या बसचे सोळा, गणवेश, पुस्तके आणि सहली मिळून सहा, असे एक लाख चौदा हजार झाले. भत्ता हाती येत आहे तोवर तू चोपन्न हजारांची भर घालशील आणि निभेल. पण भत्ता उद्या बंद झाला, तर भाडे आणि शाळा देऊन वर्षाचे चोपन्न हजार उरतात, महिन्याचे साडेचार हजार, आणि तेवढ्यात चौघांचे किराणा, वीज, पाणी, औषधपाणी व इकडे धाडायची रक्कम बसवायची. आता भारतीय शाळा धर : शुल्क दोघांचे मिळून पंचवीस हजार, बस बारा, इतर तीन, एकूण चाळीस हजार. तोच भत्ता बंद झाला तरी महिन्याला साडेदहा हजारांच्या वर हाती राहतात. ओढाताण होईल, पण घर चालेल.

भाचा : एवढा खर्च एकदम होत नाही ना? हप्ते असतील.

आत्या : हप्ते असतात, परंतु ते भाड्याच्या हप्त्यांशी गाठ घालून येतात. तिकडे भाडे पुढच्या तारखांच्या धनादेशांनी आगाऊ देण्याचा शिरस्ता आहे. घरमालक चार धनादेश घेईल, कधी दोनच. नवे घर घेताना अनामत आणि दलालीही त्याच आठवड्यात. शाळेचे शुल्क बहुधा सत्रवार. प्रवेश निश्चित करताना नव्या विद्यार्थ्याकडून दहा टक्क्यांपर्यंत आगाऊ घेता येतात, ते पुढे शुल्कात वळते होतात, पण तू बेत बदललास तर ते परत मिळतील या भरवशावर राहू नकोस. सत्र सुरू होऊन महिना उलटल्यावर मूल काढले, तर अख्ख्या सत्राचे शुल्क शाळेकडे राहते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा खर्च पहिल्या पगारातून भागेल ही आशा सोडून, तो इथून बरोबर न्यावा.

भाचा : म्हणजे रुपये मोडून.

आत्या : तेच दुखणे आहे. दिरहम १९९७ पासून अमेरिकी डॉलरशी ३.६७२५ या दराने जखडलेला आहे. रुपया घसरला की दिरहम आपोआप महागतो. गंमत अशी, की एके काळी त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चाले. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी निराळ्या नोटा छापीत असे, आणि १९६६ च्या अवमूल्यनात आपला रुपया एका दिवसात पडला तेव्हा तिकडच्या राज्यांनी त्याला रामराम ठोकला. असो. पगारही दिरहमांत आणि शुल्कही दिरहमांत असेल तोवर तुला या चढउताराचे भय नाही. मात्र इथल्या मुदतठेवी मोडून तिकडची शाळा चालवायची वेळ आली, तर ती ठेव बर्फासारखी वितळते.

भाचा : प्रवेशाच्या वेळेचे काय? मला नोव्हेंबरात रुजू व्हायचे आहे.

आत्या : भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलपासून, ब्रिटिश शाळांचे ऑगस्टअखेरीपासून. तू नोव्हेंबरात पुढे हो; मुलांनी इथले वर्ष मार्चपर्यंत पुरे करावे आणि एप्रिलला यावे. दोन बिऱ्हाडांचा खर्च चार-पाच महिने सोसावा लागेल, पण मुलांचे वर्ष मोडणार नाही आणि घर, बस, शाळा पाहून घ्यायला तुला उसंत मिळेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणखात्याची प्रतिस्वाक्षरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, एवढे सोपस्कार इथूनच उरकून घे. तिकडे जाऊन ते करणे म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही दुप्पट.

भाचा : हे सगळे मान्य. तरीही, तिकडे गेल्यावर मुलांना जगाचे दार उघडावे अशी आमची इच्छा असेल, तर ब्रिटिश शाळेचा आग्रह चूक कसा?

आत्या : चूक म्हणत नाही. मुले बारावीनंतर कुठे शिकणार आहेत, ते आधी सांग.

भाचा : मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. पुण्याला किंवा मुंबईला.

आत्या : मग तुझ्या अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी रक्कम तू लिहिलेलीच नाहीस. इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील पंच्याऐंशी टक्के जागा राज्याच्या कोट्याच्या. त्यांवर हक्क सांगायला अधिवास तर हवाच, पण सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. अपवाद आहेत, त्यांत तू बसतोस की नाही हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात पाहावे. मुलीने दोन्ही परीक्षा दुबईत दिल्या, तर देशपातळीवरच्या पंधरा टक्क्यांत झुंजायचे, नाहीतर अनिवासी कोट्यातून कितीतरी पट शुल्क मोजायचे. अभियांत्रिकीत स्थिती थोडी सुसह्य आहे, कारण आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एन.आय.टी.सारख्या संस्थांत सवलतीच्या शुल्काची वेगळी श्रेणी असते. म्हणून मुलीने नववीच्या आरंभी परत यायचे की तिकडेच राहायचे, हा निर्णय आज सहावीत असतानाच घ्यायला हवा. परत यायचे असेल तर भारतीय मंडळाचा अभ्यासक्रम सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दोन वर्षांसाठी निराळी पद्धत, नंतर पुन्हा ही, आणि दोन्हीकडच्या शिकवण्यांचा खर्च वेगळा.

भाचा : आणि धाकटा?

आत्या : त्याचे आज काहीच ठरवू नकोस, पाच-सहा वर्षे तुझ्यापाशी आहेत. मात्र तुझा आजचा पगार आणि आजचे मूळ वेतन पाहता ती ब्रिटिश शाळा तुम्हाला परवडणारी नाही, हे तुझ्या बायकोलाही स्पष्ट सांग. कंपनीला पत्र लिही : भत्ता दरमहा की परताव्याने, बसभाडे त्यात आहे का, शुल्काबरोबर वाढणार का, आणि त्यातला काही हिस्सा मूळ वेतनात घालता येईल का. नियुक्तिपत्रावर सही करायची मुदत कधीची आहे?

भाचा : येत्या शुक्रवारची.

आत्या : मग पत्र आजच धाड आणि लेखी उत्तर येईपर्यंत ना सही कर, ना शाळांचे अर्ज.