‘कट्यार काळजात घुसली’: नाटक, चित्रपट आणि समीक्षेची फूटपट्टी

नाटकावरून चित्रपट निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मूळ नाटकाची सर आहे का?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असं मला वाटतं. ‘कट्यार काळजात घुसली’ या उदाहरणावरून ते पाहू.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं हे संगीत नाटक १९६७ साली ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणलं. संगीत होतं मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन साकारले वसंतराव देशपांडे यांनी, तर सदाशिव झाले गोव्याचेच प्रसाद सावकार. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. नवं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर आणि पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत शंकर महादेवन.

चित्रपटाला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्यांनी आयुष्यात नाट्यपद ऐकलं नव्हतं, अशी आपल्या वयाची मुलंही पदं गुणगुणू लागली. तरी आक्षेप आलेच. ते तीन प्रकारचे आहेत आणि ते एकत्र कालवू नयेत.

पहिला आक्षेप स्मरणाचा. ज्यांच्या कानात वसंतराव बसले आहेत, त्यांना दुसरा आवाज कमीच वाटणार. ही भावना खरी आहे, पण ती समीक्षा नव्हे. शिवाय आपल्यातल्या बहुतेकांनी मूळ प्रयोग पाहिलेला नाही. आपण फक्त ध्वनिमुद्रण ऐकलं आहे. तेव्हा दुसऱ्याचं स्मरण आपलं मत म्हणून सांगू नये.

दुसरा आक्षेप संगीताचा. नाटकात ‘घेई छंद’ हे एकच पद दोन वेगळ्या गायकींतून येतं. दोन घराण्यांतला वाद पात्रांना बोलून दाखवावा लागत नाही, तो आपल्याला ऐकू येतो. म्हणजे तिथे गाणं हाच संवाद. चित्रपटातही हे पद आहे, पण त्याच्या जोडीला ‘यार इलाही’सारखी कव्वाली आणि भव्य वाद्यमेळ येतो. गाणी श्रवणीय आहेत, यात शंका नाही. मात्र काही ठिकाणी गाणं कथा पुढे नेत नाही, नुसतं दिपवून टाकतं. हा आक्षेप मला पटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: खाँसाहेब खलनायक झाले का? नाटकात पंडितजी लवकरच दूर होतात आणि हवेलीत उरतो तो जिंकलेला, तरीही अस्वस्थ कलावंत. चित्रपट मागची सगळी गोष्ट दाखवतो: मैत्री, पराभवांची मालिका, मत्सर. पडद्यावर मत्सर जवळून दिसतो, म्हणून तो भडकही दिसतो. त्यामुळे दोन गायकींमधला झगडा दोन धर्मांमधला आहे, असा समज होण्याचा धोका वाढतो. तरी दिग्दर्शकाची बाजूही बघायला हवी. झरीनाचा विवेक चित्रपटाने जपला आहे, आणि सूर कोणाच्या मालकीचा नसतो, हा विचारही.

मग मोजायचं कशाने? माझी फूटपट्टी साधी आहे. विद्या मिळवता येते, पण कलेला मनाचा निर्मळपणा लागतो, हा या नाटकाचा गाभा. तो चित्रपटात पोचला का? माझं उत्तर: गाण्यांत पोचला, कथनात अर्धाच.

तुमचं उत्तर वेगळं असू शकेल. पण ते देण्याआधी मूळ संहिता वाचा, जुनं ध्वनिमुद्रण ऐका, चित्रपट पुन्हा पाहा आणि प्रत्येक पदापुढे एकच प्रश्न लिहा: हे पद काढलं तर कथेचं काय अडेल? ही टिपणं घेऊन मंडळाच्या पुढच्या बैठकीला या. ‘जुनं ते सोनं’ किंवा ‘नवं तेच भारी’ एवढ्यावर कुणाची सुटका होणार नाही!