रबरी मासा टाकून जिताडा कसा काढायचा

रबरी माश्यावर जिताडा लागतो का, असं बरेच जण विचारतात. लागतो, पण तो नुसता ओढत आणला तर नाही.

महीच्या मुखाकडे पाणी गढूळ. खंभातच्या आखाताची ओढ तर सगळ्यांना ठाऊक आहे; भावनगरला उधाणात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या वर जातो. त्या ओढीत हलका रबर तळाला जातच नाही. म्हणून अष्टमीच्या आसपासचा भांग धरा. ओहोटी लागली की ओहोळाच्या तोंडाशी, पुलाच्या खांबाशी लहान मासळी बाहेर पडते आणि जिताडा तिथेच दबा धरून असतो. इंजिन आधीच बंद करा, फळीवर भांडी आपटू नका.

ओढीच्या वरच्या अंगाला, थोडं तिरकं फेका. दोर सैल पडला म्हणजे शिसं तळाला टेकलं. आता रॉड हातभर उचला, खाली नेताना सैल दोर गुंडाळा, रबर पुन्हा तळाला जाऊ द्या. मग थांबा. बहुतेक वेळा मासा पडत्या रबरालाच धरतो, आणि आपली पोरं घाईने गुंडाळत सुटतात ती इथेच चुकतात. तळाला शिसं टेकल्याचं कळेना तर थोडं वजन वाढवा.

लागला की जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झाडतो. तेव्हा रॉडचं टोक खाली ठेवा, दोर ताणलेला असू द्या. गरीच्या वर हातभर जाड दोर बांधाच, कारण त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. गेल्या हंगामात आमच्या एका खलाश्याने कल्ल्यात बोटं घातली आणि टाके पडले. जाळीची टोपली वापरा, हात घालू नका.

आता अवघड गोष्ट. जिताडा लहानपणी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त भावाचा मासा बहुधा अंड्यांची मादीच. ती सोडा म्हणणं सोपं नाही, घरात फी भरायची असते हे आम्हालाही कळतं. पण हौशी पाहुणे बोटीवर असतील तर भाडं मिळालेलंच असतं. त्या दिवशी फोटो काढून मोठी मादी पाण्यात सोडायची, असं भाडं ठरवतानाच पाहुण्यांना सांगा. सोडताना गरी पक्कडीने काढा, मासा ओल्या हातांनी पोटाखाली आधार देऊन धरा आणि शेपूट हलेपर्यंत पाण्यातच राहू द्या.