आकृती यंत्राची, कारण माणसाचं

पिंपळनेर, ता. साक्री

चि. सोनू,


जुन्या सिस्टीमच्या आर्किटेक्चरची कागदपत्रं सोर्स कोडमधून आपोआप काढायचं काम तुझ्याकडे आलंय, असं ताई म्हणाली. मन लावून कर. हाताने काढलेली आकृती मंजूर होईपर्यंत कोड पुढे गेलेला असतो. त्यामुळे प्रत्येक बिल्डबरोबर ती नव्याने निघाली पाहिजे.

कोड वाचणारी साधनं नवी नाहीत. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टीआरडीडीसी या संशोधन संस्थेत अशा साधनांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं. डॉक्सिजेन १९९७ पासून आहे. कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं, हे ते दाखवू शकतं. पण सगळे क्लास एकाच चित्रात आले की नुसतं जाळं दिसतं. सायमन ब्राउन यांच्या सी४ पद्धतीत संदर्भ, कंटेनर, कंपोनंट आणि कोड अशा चार पातळ्या आहेत. शेवटची खुशाल यंत्रावर सोड. वरच्या पातळ्यांवर कशाची मोट कशाशी बांधायची, हे तुलाच ठरवावं लागेल. शिवाय दोन मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करत नसले तरी एकाच टेबलात लिहीत असू शकतात, आणि ते अशा आकृतीत दिसत नाही. मेसेज क्यू, कॉन्फिग फाइलमधले पत्ते, रात्री चालणारे जॉब हे सगळं वेगळं तपास.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मर्फी, नॉटकिन आणि सुलिव्हन यांची १९९५ची रीत. आधी तुझ्या समजुतीप्रमाणे आकृती काढ, मग कोडमधून निघालेली शेजारी ठेव. कुठे जुळतं, कोडमध्ये जास्तीचं काय आहे, तुला वाटलं होतं पण नाहीच असं काय, हे तिन्ही बघ. खरी माहिती या फरकात सापडते.

आपल्या पांझरा नदीवरची सिंचनाची फड पद्धत आठव. बंधारा, पाट, चाऱ्या यांचा नकाशा कोणीही शिवारात हिंडून काढेल. पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक का घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाण्याची पाळी कशी लावायची, हे जमिनीवर उमटलेलं नसतं. ते जुन्याजाणत्यांनाच विचारावं लागतं. कोडचंही तसंच. मायकेल नायगार्ड यांनी २०११मध्ये सुचवलेली निर्णयनोंद त्यासाठीच आहे: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. पानभर पुरे. ती कोडच्याच रेपॉझिटरीत ठेव.

हल्ली एआय कोड वाचून सफाईदार वर्णन लिहून देतं. जरूर वापर, पण प्रत्येक विधानाला फाइलचं नाव माग. नाव सांगता आलं नाही तर ते वाक्य खोडून टाक. वाचणारा त्यावर विसंबून रात्री-बेरात्री बिघाड शोधणार आहे.

तुमच्याकडचे जे जुने सहकारी लवकरच निवृत्त होतायत, त्यांच्याजवळ याच आठवड्यात जाऊन बस. आकृती समोर ठेवून प्रत्येक विचित्र जोडणीचं कारण विचार आणि त्यांच्यादेखतच लिहून घे.

तुझा,
मामा