पाठाचे नियोजन आणि मागे राहणारे मूल

शिक्षक वर्गात जाण्यापूर्वी पाठाचे टाचण काढतो, हे पालकांना सहसा ठाऊक नसते. कोणता घटक शिकवायचा, मुलांना आधीचे काय येते, कोणते प्रश्न विचारायचे, फळ्यावर काय लिहायचे आणि मुलांना समजले की नाही हे कसे पाहायचे, याची ती लेखी आखणी असते. अध्यापक विद्यालयात तिचा कसून सराव होतो. पुढे नोकरीत मात्र ती पुष्कळदा तपासणीच्या दिवशी दाखवायची वही होऊन बसते.

निवासी शाळेला हे परवडणारे नाही. घरून ये-जा करणाऱ्या मुलाला वर्गात न कळलेला भाग संध्याकाळी आई, थोरला भाऊ किंवा शिकवणीचे शिक्षक समजावून देऊ शकतात. वसतिगृहातील मुलाला ती सोय नसते. अनेकदा घराण्यात शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच मूल असते. तासिकेत जे सुटले, ते त्याच्यासाठी बहुधा कायमचेच सुटते. म्हणून टाचण लिहिताना ‘मी काय शिकवणार?’ या प्रश्नाच्याही आधी ‘कोण मागे राहील आणि का?’ हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारला पाहिजे.

बौद्ध परंपरेत या प्रश्नाला भिडणारी एक कथा आहे. चुल्लपन्थक या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. थोरला भाऊ महापन्थक याने त्याला निघून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्याला थांबवून घेतले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ‘रजोहरण’ असे म्हणत ते चोळत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. आणि सर्व काही अनित्य आहे, हे जे गाथेतून उमगले नव्हते, ते त्याला त्या वस्त्रातून उमगले. बुद्धांनी ध्येय तेच ठेवले, वाट तेवढी बदलली. अध्यापनाची कार्यनीती म्हणतात ती हीच.

अंगुत्तर निकायातील उदायी सुत्तात, दुसऱ्याला धम्म शिकवणे सोपे नाही असे सांगून बुद्धांनी उपदेशकासाठी पाच पथ्ये घालून दिली आहेत. क्रमाक्रमाने सांगावे, कारण दाखवून सांगावे, करुणेपोटी सांगावे, लाभाच्या इच्छेने सांगू नये आणि स्वतःला वा दुसऱ्याला न दुखावता सांगावे. ही पथ्ये आजच्या पाठाला कशी लागू पडतात, हे एका घटकावरून पाहू.

बाष्पीभवनाचा घटक घ्या. रूढ रीत अशी की व्याख्या सांगावी, फळ्यावर लिहावी आणि पाठ करून घ्यावी. परंतु मीरा-भाईंदरच्या मुलांसाठी या घटकाची प्रयोगशाळा वस्तीच्या कडेलाच आहे. येथील खाडीलगत पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालत आली. ‘आगरी’ या नावातच आगर आहे. भरतीचे खारे पाणी बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हावाऱ्याने आटू द्यायचे आणि तळाशी उरलेले मीठ गोळा करायचे, ही रीत काही मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. परिसरातूनच साधने उचलण्याची ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्या भोवतीच्या वस्तूंतूनच उभे केले.

या पाठासाठी ‘अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण’ ही कार्यनीती योग्य ठरते. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड व्हाईट आणि रिचर्ड गनस्टन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात ती मांडली आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या प्रमाणात २०० मिलिलिटर पाण्यात ७ ग्रॅम मीठ विरघळवावे. असे एक पाणी पसरट ट्रेमध्ये आणि तेवढेच दुसरे अरुंद तोंडाच्या बाटलीत भरावे. कोणते आधी आटेल आणि मिठाचे काय होईल, हे प्रत्येक मुलाने कारणासह वहीत लिहावे. ‘पाणी सारखेच आहे, म्हणजे दोन्ही एकदमच आटतील’, ‘पाण्याबरोबर मीठही उडून जाईल’, अशी उत्तरे येतील. शिक्षकाने ती सर्व फळ्यावर लिहावीत. कोणाचे नाव लिहू नये, कोणाला हसू देऊ नये. न दुखावता शिकवण्याचे पथ्य येथेच पाळले जाते. चुकीच्या उत्तराला एकदा वर्ग हसला, की ते मूल पुढे वर्षभर हात वर करत नाही.

दुसरी पायरी वसतिगृहाच्या गच्चीवर. पावसाळा सोडून कोणत्याही ऋतूत दोन-तीन दिवस मुलांनी जोडीजोडीने पाण्याची पातळी नोंदवावी. वाचनात मागे असलेल्या मुलाकडे ही नोंद मुद्दाम सोपवावी. येथे त्याला अक्षराची अडचण आड येत नाही. मुले दिवसरात्र शाळेतच असल्याने ही पायरी निवासी शाळेला जितकी सहज साधते, तितकी इतर शाळेला साधणे कठीण.

तिसरी पायरी पुन्हा वर्गात. ट्रे कोरडा झाला, बाटलीतील पातळी जेमतेम उतरली. ट्रेमधील मीठ तराजूत घातले तर जवळपास ७ ग्रॅमच भरते. म्हणजे पाणी गेले, मीठ राहिले. आता मुलांनीच कारण सांगावे आणि व्याख्या त्यानंतर यावी. मग उपयोजन : मिठागराचे वाफे उथळ व पसरट का असतात? उत्तनला मासळी वाऱ्यावर का सुकवतात? शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन वाक्ये लिहावीत : पावसाळ्यात मिठागर बंद का असते? शिक्षकाने त्या चिठ्ठ्यांचे समजलेले, अर्धवट समजलेले आणि न समजलेले असे तीन गठ्ठे करावेत. पुढच्या पाठाचे टाचण तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू व्हावे. तोच गठ्ठा सर्वांत मोठा निघाला, तर दोष मुलांचा नव्हे, आखणीचा समजावा.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त असतो : एका घटकाला दोन तासिका दिल्या तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? प्रत्येक घटक असा शिकवता येणार नाही, हे खरेच. परंतु ज्यावर पुढचे अनेक धडे उभे राहतात, असे मोजके घटक प्रत्येक विषयात असतात. तेवढे तरी असे शिकवावेत. तेथे दिलेला वेळ परीक्षेआधीच्या उजळणीत बराचसा परत मिळतो.

शिकणाऱ्याच्या परिस्थितीकडे पाहून शिक्षणाची आखणी करणे, हा बाबासाहेबांच्या कार्याचा गाभाच होता. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह निघाले, कारण मुलांना शिकायचे होते पण राहायला जागा नव्हती. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळचे वर्ग ठेवले गेले, कारण अनेक विद्यार्थी दिवसा नोकरी करीत होते. वेळापत्रक विद्यार्थ्याकडे सरकले; विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवले गेले नाही. एका तासिकेची आखणी हे त्याच विचाराचे सर्वांत लहान रूप होय.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती आहे. मिठागर, मासेमारी, बांधकाम, शिवणकाम, रिक्षा, जो कोणता व्यवसाय आपण जाणता, त्यातील काम शिक्षकांना समजावून द्या. त्यातून एखादा पाठ उभा राहील. आणि शाळेत असताना एखादा धडा आपल्याला कधीच कळला नसेल, तर तोही न संकोचता सांगा. टाचण काढणाऱ्या शिक्षकाला याहून उपयोगी माहिती दुसरी मिळणार नाही.