ॲक्टिन घेण्याआधी

अगं, अश्वगंधेवर मिथाइल जास्मोनेट फवारून विथॅनोलाइडची जनुकं क्यूपीसीआरने मोजणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. पण रेफरन्स म्हणून ॲक्टिनच का, असं विचारल्यावर तू म्हणालीस, "ताई, आधीच्या थीसिसमध्ये तेच होतं." तेवढ्यावर थांबू नकोस. तुझं सगळं उत्तर त्याच एका जनुकावर उभं राहणार आहे.

हा हिशेब एकदा कागदावर मांड. समज, तुझ्या जनुकाचा सीटी फवारणीआधी २४ होता आणि नंतरही २४च आहे. म्हणजे काहीच बदललेलं नाही. पण फवारणीमुळे ॲक्टिनच कमी झालं आणि त्याचा सीटी १८ वरून १९ वर गेला. आता वजाबाकी कर. आधी ६, नंतर ५. एका सीटीचा फरक म्हणजे दुप्पट, त्यामुळे आलेखात तुझं जनुक दुपटीने वाढलेलं दिसणार. रेप्लिकेट सुरेख जुळलेले, मेल्ट कर्व्ह एका शिखराचा, आणि निष्कर्ष मात्र साफ खोटा. मापच हललं तर तराजू कितीही चांगला असून काय उपयोग?

आणि ॲक्टिन हलतं. ते पेशीच्या सांगाड्यातलं, त्यामुळे वाढीचा वेग बदलला की त्याचंही प्रमाण बदलू शकतं. जीएपीडीएच ग्लायकोलिसिसमधलं, ताण पडला की त्याचा भरवसा नाही. १८एस आरआरएनए इतकं भरमसाट असतं की तुझ्या विरळ जनुकाशी त्याची तुलनाच होत नाही. शिवाय त्याला पॉली-ए शेपूट नाही, म्हणजे ऑलिगो-डीटीने केलेल्या सीडीएनएमध्ये ते नीट उतरतच नाही. औषधी वनस्पतींत तर आपण मुद्दामच झाडाचा चयापचय ढवळतो. त्यात विथाफेरिन ए मुख्यतः पानात आणि विथॅनोलाइड ए मुळात, म्हणून तू दोन्ही अवयव घेणार. पानात स्थिर असलेलं जनुक मुळातही स्थिरच असेल, असं गृहीत धरू नकोस.

२००५ मध्ये चेहोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ॲराबिडोप्सिसमध्ये दाखवलं, की नेहमीच्या जनुकांपेक्षा कितीतरी स्थिर जनुकं आहेत, पीपी२ए त्यातलंच. ते तुझ्या यादीत जरूर घे, पण उमेदवार म्हणून. आठ-दहा उमेदवार घे आणि ते वेगवेगळ्या कामांतले असू देत. हे मी मुद्दाम सांगते, कारण इथेच फसगत होते. स्थिरता ठरवणारं जीनॉर्म सॉफ्टवेअर दोन जनुकांचं परस्पर प्रमाण किती टिकतं ते बघतं. दोन्ही हातात हात घालून वर गेली, तरी ते त्यांनाच सर्वांत स्थिर ठरवेल. म्हणून नॉर्मफाइंडर आणि बेस्टकीपरही चालव. क्रम थोडे वेगळे आले तर घाबरू नकोस, तिन्हीकडे तळाला राहणारी नावं आधी काढून टाक. जीनॉर्मचा व्ही२/३ हा आकडा ०.१५ च्या खाली आला, तर दोन जनुकं पुरतात.

मग एक पडताळणी कर. जास्मोनेटने वाढणारं, आधीच माहीत असलेलं एक जनुक घे आणि ते सर्वांत स्थिर जोडीने एकदा, सर्वांत अस्थिर जनुकाने एकदा मोज. दोन आलेख शेजारी ठेवलेस, की सरांना वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. जादा प्लेटचा खर्च त्यांना दिसतोय, ते साहजिक आहे.

आरएनएकडे मात्र आत्ताच लक्ष दे. अश्वगंधेच्या मुळात पिष्ट आणि पॉलिसॅकराइड भरपूर, आणि फेनॉलचाही त्रास होतो. काढताना पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घाल, २६०/२३० चं गुणोत्तर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, डीएनेज चुकवू नकोस. मुळाच्या नमुन्यात अवरोधक राहिले तर सगळे सीटी उशिरा येतील आणि तुला वाटेल जनुकच कमी आहे. प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता पातळीकरणाच्या मालिकेने काढ, ९० ते ११० टक्क्यांत बसली तरच ठेव. आणि मुळांसाठी अख्खं रोप उपटावं लागतं, तेव्हा एकेक नमुना जपून वापर.

प्रायमर मागवण्याआधी उमेदवारांची यादी मला पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी बघून ठेवते.