नौकेवरचा गळका नळ

घरातला नळ रात्री टपटप गळू लागला, तर आपण काय करतो? मूठ आणखी थोडी आवळून पाहतो, खाली बादली ठेवतो आणि झोपी जातो. सकाळी पाणी येणारच असते, त्यामुळे त्या थेंबांची आपल्याला फारशी काळजी वाटत नाही.

आता अशी कल्पना करा की, तुमचे घर म्हणजेच एक शिडाची नौका आहे. जगात अशी कितीतरी कुटुंबे आहेत, की जी दहा-बारा मीटर लांबीच्या नौकेवर वर्षानुवर्षे राहतात. त्यांचे स्वयंपाकघर एखाद्या कपाटाएवढे असते. झोपायच्या फळीखाली गोड्या पाण्याची टाकी असते. समजा, २०० लिटरची. भोवती अथांग समुद्र, पण त्यातले घोटभरही पाणी पिता येत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तर?

थेंबांचा हिशेब

नळातून गळणारे साधारण २० थेंब मिळून १ मिलिलिटर पाणी होते असे धरू. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर एका दिवसात ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लिटर पाणी जाते. लांबच्या सफरीत एका माणसाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरवून वापरावे लागते. म्हणजेच तो गळका नळ नौकेवरचा एक जादा माणूसच झाला! तो काम काही करत नाही, पाणी मात्र रोज पितो. २०० लिटरची टाकी तो एकटाच ४६ दिवसांत रिकामी करील.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून एकटेच निघाले आणि कोठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. एवढ्या, म्हणजे सुमारे १५० दिवसांच्या सफरीत असा नळ किती पाणी गमावील, हे तुम्हीच काढून पाहा. काही नौकांवर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र असते. पण ते चालवायला वीज लागते, आणि नौकेवर वीजही मोजूनमापूनच वापरावी लागते.

नळ बंद होतो म्हणजे काय होते?

साध्या नळात पाण्याच्या वाटेवर एक गोल भोक असते. त्याच्या काठाला आपण 'बैठक' म्हणू. मूठ फिरवली की आटे पाडलेला दांडा खाली सरकतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर बैठकीवर दाबून बसतो. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये अशा नळाचे पेटंट घेतले. आपल्या घरातले कित्येक नळ आजही याच तत्त्वावर चालतात.

रबर दबते, म्हणूनच ते बैठकीच्या बारीकसारीक उंचसखल जागा भरून काढते. पण वर्षानुवर्षे दाबले गेल्यावर ते कडक होते, त्यावर वळ उमटतो आणि कोठेतरी केसाएवढी फट राहते. त्या फटीतून पाणी वेगाने सुटते आणि हळूहळू धातूची बैठकही झिजवते. एकदा बैठकीला चर पडली की नवा वायसरही थोड्याच दिवसांत फाटतो. म्हणून वायसर बदलूनही गळती थांबत नसेल, तर सगळा नळच बदलावा लागतो.

हल्लीच्या एकमुठी नळांत वायसरऐवजी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या लवकर झिजत नाहीत. पण वाळूचा कण किंवा क्षार मध्ये अडकला की त्यांवर ओरखडे पडतात आणि तो नळही गळू लागतो.

टाकी खाली, नळ वर

आपल्या घरी टाकी गच्चीवर असते आणि पाणी आपल्याच वजनाने खाली येते. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौ. सेंमी.वर १ किलोग्रॅम दाब देतो. म्हणजे नळाच्या ३ मीटर वर असलेल्या टाकीमुळे नळावर ०.३ किलोग्रॅम दाब पडतो.

नौकेवर टाकी उंच ठेवता येत नाही. २०० किलोग्रॅमचे वजन वर ठेवले, तर नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकेल आणि ती सहज कलंडू लागेल. म्हणून टाकी तळाशी ठेवतात आणि विजेचा छोटा पंप पाणी वर चढवतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो व पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब वाढतो, आणि तो चौ. सेंमी.ला २ ते ३ किलोग्रॅम झाला की पंप थांबतो. हा दाब घरच्या नळाच्या सात ते दहा पट आहे. म्हणून वायसरमधली बारीकशी फटही येथे जास्त गळते.

पण हाच पंप गळतीची चुगलीही करतो. रात्री सगळे निजलेले असताना कोणीही नळ न उघडता पंप मधूनच गुरगुरला, तर समजावे की पाणी कोठेतरी निसटते आहे. तळात पाणी दिसले, तर जाणकार नाविक त्याची चव घेऊन पाहतात. खारट असेल, तर समुद्र आत येतो आहे. गोडे असेल, तर टाकी बाहेर चालली आहे.

समुद्रावर पितळ का हरते?

बहुतेक नळ पितळेचे असतात आणि वर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. खारी हवा मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. त्याच्या सान्निध्यात जस्त तांब्यापेक्षा लवकर विरघळते, आणि मागे उरते ते स्पंजासारखे ठिसूळ तांबे. पिवळे पितळ गुलाबी दिसू लागले, तर ते आतून पोकळ होत आहे असे समजावे. अशा नळाला पाना लावला की तो हातातच तुटतो!

म्हणून नौकेच्या कवचातून समुद्राचे पाणी आत आणणाऱ्या तोट्या साध्या पितळेच्या न करता तांबे व कथील यांच्या मिश्रणाच्या, म्हणजे ब्राँझच्या करतात. जस्त जाण्यास विरोध करणारे खास पितळही वापरतात.

नळ बदलताना

प्रथम पंपाचे बटण बंद करावे. मग नळ उघडून नळीत साठलेला दाब सोडून द्यावा. नाहीतर नळी सोडताच तोंडावर फवारा उडतो. बेसिनच्या भोकात फडके कोंबावे, म्हणजे सुटे भाग आत पडणार नाहीत. ओट्याखाली हात जेमतेम शिरतो, म्हणून तेथील नट लांब दांड्याच्या पान्याने सोडवतात. नव्या नळाचा बुडखा ओट्यावरच्या भोकात नीट बसतो की नाही, हे आधीच मोजून घ्यावे. नळ आणि ओटा यांच्यामध्ये रबरी चकती हवीच. नाहीतर पाणी झिरपून खालचे प्लायवूड कुजते. प्लॅस्टिकचे आटे आधी हातानेच आवळावेत. फार जोर लावला तर ते चिरतात आणि नवीच गळती सुरू होते.

शेवटी परीक्षा. पंप सुरू करावा, नळ बंद ठेवावा आणि कान देऊन ऐकावे. पंप एकदा थांबून रात्रभर गप्प राहिला, तर काम फत्ते!

करून पाहा

घरातला किंवा शाळेतला एखादा गळका नळ शोधा. औषधाच्या मापात १० मिलिलिटर पाणी जमायला किती थेंब आणि किती सेकंद लागतात ते मोजा. त्यावरून दिवसाची गळती काढा. शिक्षकांनी जुना नळ वर्गात खोलून दाखवला, तर वायसरवरचा वळ आणि बैठकीवरची चर मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल.

नौकेवरच्या माणसाला आपली टाकी डोळ्यांसमोर दिसते, म्हणून तो एका थेंबासाठी उठतो. आपलीही टाकी आहेच; फक्त ती दूर धरणात आहे, म्हणून दिसत नाही. मग आज रात्री तुमचा नळ टपटपला, तर बादली ठेवाल, की पाना शोधाल?