चित्रातला निळा डाग

शाळा सुटली की शिकणेही संपले, असे पुष्कळांना वाटते. परंतु शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी एक प्रश्न विचारला आणि खगोलशास्त्रात भर पडली. ती हकीकत आज पाहू.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. अमेरिकेतील 'स्लोन' आकाश-पाहणीत दुर्बिणीने लाखो दीर्घिकांची चित्रे टिपली होती. त्यांतील कोणती दीर्घिका चक्राकार व कोणती लंबगोल, हे ठरवण्यात त्या वेळचे संगणक कच्चे होते. माणसाचा डोळा ते चटकन ओळखतो. पण सुमारे ९ लाख चित्रे पाहणार कोण? म्हणून शास्त्रज्ञांनी जुलै २००७ मध्ये ती इंटरनेटवर ठेवली व सर्वांना मदतीला बोलावले. या उपक्रमाचे नाव 'गॅलॅक्सी झू'. वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांनी ५ कोटींहून अधिक नोंदी केल्या. एकच चित्र अनेकांना दाखवले जाई. त्यामुळे एखाद्याची चूक इतरांच्या नोंदींवरून ध्यानात येई.

या मंडळींत नेदरलँड्समधील शिक्षिका हॅनी फान आर्केल होत्या. 'आयसी २४९७' या दीर्घिकेशेजारी त्यांना एक निळसर डाग दिसला. तो ना चक्राकार, ना लंबगोल. त्या सरळ पुढच्या चित्राकडे वळल्या असत्या, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र विचारले, "हे काय आहे?" गंमत अशी, की शास्त्रज्ञांनाही ते सांगता येईना! मग मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

तो डाग म्हणजे आकाशगंगेएवढा विस्तीर्ण असा तप्त वायूचा ढग निघाला. पण त्याला उजळवणारे तारे तेथे दिसेनात. मग प्रकाश कोठला?

डोंगरात हाक मारून आपण गप्प झालो, तरी क्षणभराने प्रतिध्वनी ऐकू येतो ना? तसेच येथे घडले. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रात पूर्वी क्वासार होता. कृष्णविवराकडे ओढले जाणारे द्रव्य अतिशय तापून झळाळते, तोच क्वासार. पुढे त्याचे तेज फार घटले. सरळ आपल्याकडे येणारा त्याचा प्रकाश केव्हाच येऊन गेला होता. ढगाकडे गेलेल्या प्रकाशाची वाट मात्र लांबची, म्हणून त्याचा परिणाम आपल्याला हजारो वर्षे उशिरा दिसतो आहे. हा जणू प्रकाशाचा प्रतिध्वनीच! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत शास्त्रज्ञांबरोबर हॅनीबाईंचेही नाव आहे.

आता विचार करा. तेच चित्र इंटरनेटवर सर्वांसाठी खुले होते. हॅनीबाईंकडे स्वतःची मोठी दुर्बीण नव्हती, की खगोलशास्त्राची पदवी नव्हती. आपल्याला समजत नाही ते मोकळेपणाने विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. आज फोनवर क्षणात उत्तर मिळते, आणि तेथेच आपण थांबतो. पण उत्तर वाचल्यावर "हे कशावरून?" असे विचारले, तर शिकणे पुढे चालू राहते. मग वयाची अट उरत नाही.

करून पाहा : घराजवळचा आंबा किंवा बहावा निवडा. दर आठवड्याला त्याची पालवी, फुले व फळे पाहून तारखेसह वहीत नोंद करा. 'सीझनवॉच' या भारतीय उपक्रमात अशाच नोंदी इंटरनेटवरून एकत्र केल्या जातात. नोंदी करताना पुस्तकात उत्तर न सापडणारा एक तरी प्रश्न लिहून ठेवा, आणि तो आपल्या शिक्षकांना अवश्य विचारा.